घराविना, घरच्यांविना: खान्देशातल्या एकट्या पोरांपर्यंत सरकारी सेवा पोचवायच्या कशा

सावदा-रावेरकडून केळीचा ट्रक निघतो तेव्हा त्याच्यासोबत बिल्टी असते. माल कुणाचा, किती, कुठून निघाला, कुठं उतरणार, ताब्यात कुणी घेतला, सगळं त्या कागदावर असतं. माल कमी भरला तर दुसऱ्या दिवशी फोनाफोनी सुरू होते. भुसावळच्या फलाटावर पहाटे उतरलेला चौदा वर्षांचा पोरगा मात्र आरपीएफकडून (रेल्वे सुरक्षा दलाकडून) बाल कल्याण समितीकडे, समितीकडून बालगृहात, तिथून गावी आणि गावाहून पुन्हा फलाटावर असा फिरतो. मधे कुठं गळाला तर कुणाचाच फोन वाजत नाही.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात या पोरांच्या मागं हिंडताना माझं एक मत पक्कं झालं. कायदे आहेत, योजना आहेत, खिडक्याही आहेत. पोरगं हरवतं ते एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी त्या एका जागेवर लक्ष ठेवून लिहिली आहे. कुणासाठी? शिक्षक, नगरसेवक, समाजकार्य महाविद्यालयाचे विद्यार्थी, गणेश मंडळ, बचत गट, रिक्षा युनियन. पाच-सहा माणसं आणि एक जाड वही एवढ्यावर काम सुरू होतं.

पायरी पहिली: आधी रात्री फिरा

दिवसा ही पोरं दिसत नाहीत. दिसतात ती टपरीवर कपबशा विसळणारी, ढाब्यावर टेबल पुसणारी, लग्नाच्या वरातीत डोक्यावर लाईट धरणारी, भंगार वेचणारी. यातलं कोण घरी जातं आणि कोण नाही, ते रात्री अकरानंतर कळतं.

कुठं बघायचं ते गावागणिक वेगळं. भुसावळला मुंबई-नागपूर आणि खंडवा-इटारसीकडचे रूळ एकत्र येतात, त्यामुळं उत्तरेकडून आलेली पोरं इथं जास्त. फलाट, पादचारी पूल आणि स्टेशनबाहेरच्या हातगाड्यांमागची जागा बघा. जळगावात बसस्टँड, मोठ्या मार्केटचे जिने, एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यांभोवतीचे आडोसे. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, तिथं ढाबे आणि ट्रक टर्मिनल. चाळीसगाव जंक्शन विसरू नका. नंदुरबारला स्टेशन आणि हंगामात मिरची वाळवायच्या पथारी. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांसोबत आलेली, पाळण्यांवर काम करणारी बरीच पोरं यात्रा पांगल्यावर मागं उरतात.

एकाच रात्रीच्या मोजणीवर भागवू नका. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याचे ऊसतोड मजूर गुजरातेत जातात, तेव्हा आकडा बदलतो. लग्नसराईत बदलतो. मे महिन्यात तर जागाच बदलतात, कारण भुसावळच्या उन्हात पत्र्याखाली कुणी झोपूच शकत नाही. वर्षातून तीन फेऱ्या करा.

वहीत काय लिहायचं? टोपणनाव, अंदाजे वय, भाषा, झोपायची जागा, कशावर पोट भरतं, अंगाला काही दुखणं. बस्स. पूर्ण नाव-पत्ता पहिल्या रात्री मागू नका आणि फोटो काढू नका. पहिला प्रश्न “घर का सोडलंस?” हा तर नकोच. त्याचं उत्तर तो खोटं देतो आणि मग ते खोटं सांभाळायला तुमच्यापासून लांब राहतो. “जेवना का रे भो?” एवढ्यानं सुरुवात होते. सोबतीला अहिराणी बोलणारा तर हवाच, पण धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पोरांसाठी पावरी किंवा भिलोरी येणारं माणूस शोधा. मराठीत “हो” म्हणणारी ही पोरं कित्येकदा फक्त भीतीनं मान हलवत असतात.

मुली मोजणीत जवळजवळ येत नाहीत, म्हणून त्या नाहीत असं धरू नका. त्या कुणाच्या तरी घरी “कामाला” असतात, किंवा कुणासोबत तरी “राहतात”. त्यांची माहिती धुणीभांडी करणाऱ्या बायका, आशाताई आणि स्टेशनवरच्या सफाई कामगार मावश्यांना असते.

पायरी दुसरी: अठराच्या आत की बाहेर

इथं रस्ता फुटतो. १८ च्या आतल्या प्रत्येक मुलाला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू. घर नाही, ठरलेला आसरा नाही, रस्त्यावर राहतो, एवढ्यावरच तो “काळजी व संरक्षणाची गरज असलेला बालक” ठरतो. भीक मागताना सापडला तरी तो याच व्याख्येत येतो, तो गुन्हेगार नव्हे. १८ वरच्यांसाठी महापालिका-नगरपालिकेचा निवारा, कामगार नोंदणी, कायदेविषयक मदत असा दुसरा रस्ता.

वय ठरवायचं कसं? पोरं दोन्हीकडून खोटं बोलतात. काम मिळावं म्हणून एकोणीस सांगतात, पोलीस दिसले की पंधरा. कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. या यादीत आधार कार्ड नाही. दाढी-मिशी बघून “हा मोठा आहे” म्हणून कुणी परत पाठवत असेल तर कलम ९४ चं नाव काढा. शंका असेल तर मूल धरून चाला. वय ठरवायचा अधिकार समितीचा आहे, स्टेशनवरच्या शिपायाचा किंवा तुमचा-माझा नाही.

पायरी तिसरी: पहिले २४ तास

सगळ्यात जास्त गळती इथं होते, म्हणून इथं थोडं रेंगाळतो.

मूल एकटं सापडलं की १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन लावायची. ही हेल्पलाईन आता सरकारच्या हातात आहे आणि ११२ ला जोडली जात आहे, त्यामुळं ११२ लावला तरी चालतं. गाडीत किंवा फलाटावर असाल तर १३९, किंवा सरळ आरपीएफची चौकी. अशा मुलांसाठी त्यांची “नन्हे फरिश्ते” नावाची मोहीमच आहे. एक बारीक गोष्ट: जळगाव-भुसावळ-चाळीसगाव मध्य रेल्वेत, तर धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर पश्चिम रेल्वेत. वरिष्ठ कार्यालयं वेगळी, अधिकारी वेगळे. दोन्हीकडची नावं-नंबर वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. नवापूरच्या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. पाहुण्यांना ते बाकडं दाखवायला मजा येते, पण त्यावर झोपलेल्या पोराची दोन राज्यांत टोलवाटोलवी व्हायला वेळ लागत नाही. मूल सापडलं त्या जिल्ह्याच्या समितीपुढं न्यायचं, गाव कुठलंही असो.

मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढं हजर करावं लागतं, त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. समिती जिल्ह्याच्या गावी बसते. भुसावळहून जळगाव जवळ आहे, पण धडगावच्या डोंगरातून नंदुरबार म्हणजे अख्खा दिवस. शनिवारी रात्री मूल सापडलं की “समिती सोमवारी बसेल, तोवर बघू” असं ऐकू येतं. ते चूक आहे. बैठक नसेल तेव्हा एका सदस्यापुढंही मुलाला हजर करता येतं, कलम २८ मध्ये तशी सोय आहे. पाचही जणांचे (अध्यक्ष आणि चार सदस्य) फोन तुमच्याकडे हवेत. पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याचं नाव विचारा, “साहेब” एवढ्यावर थांबू नका.

आता तुमची बिल्टी. एक पानाचा कागद, दोन प्रती. मूल कुठं, किती वाजता सापडलं, कुणी कुणाच्या ताब्यात दिलं, अंगावर जखम आहे का, ताप आहे का, काही खाल्लं का, कुठली भाषा बोलतं आणि घेणाऱ्याचं नाव, हुद्दा, सही, वेळ. सरकारी नमुने वेगळे भरले जातील, ते भरू द्या. हा कागद तुमच्यासाठी. सातव्या दिवशी याच कागदावरच्या नावाला फोन करायचा: “तो पोरगा सध्या कुठं आहे?” पहिल्या वर्षी मला या फोनवर रागावलेली उत्तरं मिळायची. नंतर माझा फोन यायच्या आधीच तिकडून निरोप यायला लागले.

तीन गोष्टी करू नका. एक, मुलाला चांगुलपणानं स्वतःच्या घरी ठेवून घेऊ नका. एकटं मूल दिसल्यावर २४ तासांत न कळवणं हा कलम ३२-३४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दोन, पदरचे पैसे घालून त्याला परस्पर गावच्या गाडीत बसवू नका. ज्या घरातून तो पळाला ते घर कसं आहे हे तुम्हाला माहीत नाही. तीन, फोटो ग्रुपवर टाकू नका. “हा मुलगा अमुक ठिकाणी सापडला आहे, जास्तीत जास्त शेअर करा” हा निरोप खान्देशातल्या प्रत्येक ग्रुपवर महिन्यातून एकदा फिरतो. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे आणि शोधणारा नेहमी आईबापच असतो असं नाही.

आजारी मूल आधी दवाखान्यात. पंक्चरचं सोल्युशन किंवा व्हाइटनर हुंगायची सवय असेल तर ते कागदावर स्पष्ट लिहा, लपवू नका. नाहीतर बालगृहात दुसऱ्या रात्री त्याचे हात थरथरायला लागतात आणि तिथले काळजीवाहक त्याला मस्तीखोर ठरवतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे नंबर बालगृहाच्या भिंतीवर लावून घ्या.

पायरी चौथी: समितीपुढं

समितीनं मुलाला बालगृहात किंवा खुल्या निवारागृहात ठेवलं की लोकांना वाटतं काम संपलं. खरं काम इथून. पंधरा दिवसांत सामाजिक तपासणीचा अहवाल आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत अंतिम आदेश, असं कायदा म्हणतो. तपासणी म्हणजे कुणीतरी घरी जाऊन बघणं. सरपंचाला फोन लावून “घर बरं आहे ना?” विचारणं म्हणजे गृहचौकशी नव्हे. तुमच्या ओळखीचा शिक्षक किंवा ग्रामसेवक त्या गावात असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला त्याचं नाव सुचवा. कक्षाकडे माणसं थोडी, जिल्हा मोठा, त्यामुळं अशी मदत ते आनंदानं घेतात.

मूल दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा मध्य प्रदेश-गुजरातचं असेल तर कलम ९५ प्रमाणे त्याला तिकडच्या समितीकडे पोचवतात. इथं अडतं ते सोबत जाणाऱ्या पोलिसावर. “एस्कॉर्ट मिळाला नाही” या तीन शब्दांत पोरांचे महिने गेलेले मी पाहिलेत. दर आठवड्याला लेखी विचारत राहणं एवढाच त्यावर उपाय सापडला आहे.

घरी परतणं हेच नेहमी बरं असतं असं नाही. दारुडा बाप, सावत्र जाच, लवकर लावून देऊ पाहिलेलं लग्न, उचल फेडायला मुकादमाकडे ठेवलेला पोरगा, ही कारणं तशीच असतील तर तो दोन महिन्यांत परत फलाटावर येतो. मुलाचं म्हणणं समितीनं ऐकायचं असतं. त्याला ते मांडता येत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, हेल्पलाईन १५१००. मावशी, आजी, काका सांभाळायला तयार असतील पण ऐपत नसेल, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वाची, म्हणजे मूल सांभाळायला मिळणारी रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. एका आजीच्या घरी पोरगा टिकला तो या पैशापेक्षा, तिनं “माझ्याकडेच राहील” असं समितीपुढं ठणकावल्यामुळं. पण पैसे नसते तर तिनंही किती दिवस ठणकावलं असतं?

पायरी पाचवी: कागद, आणि त्यांचा क्रम

कागदांचा क्रम चुकला की सहा महिने वाया जातात. मी आधी सगळ्यांना आधार केंद्रात नेत असे. आता शाळेपासून सुरुवात करतो.

पोराला गावाचा तालुका सांगता येत नाही, पण आश्रमशाळेचं नाव, एखाद्या गुरुजींचं आडनाव, शाळेमागची टेकडी आठवते. तेवढं पुरतं. आश्रमशाळा असेल तर नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत विचारा. जिल्हा परिषदेची असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. मुलांची नोंद ऑनलाइन असते आणि जनरल रजिस्टरचा (शाळेच्या प्रवेश-नोंदवहीचा) उतारा मुख्याध्यापक देऊ शकतात. त्या एका उताऱ्यानं वय, जन्मगाव, बापाचं नाव, जात सगळं हाती येतं.

मग आधार. बहुतेक पोरांचं आधार शाळेत निघालेलं असतं, फक्त नंबर आठवत नाही. नव्यानं नोंदणीला बसवलं आणि “आधीच नोंद आहे” म्हणून अर्ज परत आला तर निराश होऊ नका, ती चांगली बातमी आहे. अशाच नकारांवरून देशात कित्येक हरवलेल्या मुलांची घरं सापडली आहेत. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात. रस्त्यावरच्या पोरांचं ते राहून गेलेलं असतं आणि मग जुने ठसे जुळत नाहीत. ज्यांना कायमचं घर नाही त्यांच्यासाठी आधार नोंदणीची खास व्यवस्था करावी असं आधार कायद्याचं कलम ५ सांगतं. बालगृहातल्या मुलाला संस्थेच्या अधीक्षकाच्या ठरलेल्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर पत्ता मिळतो. केंद्रचालकाला हे माहीत नसेल तर नमुना छापून सोबत न्या, वाद घालू नका.

मोबाईल नंबरची गंमत वेगळीच. ओटीपीशिवाय काही चालत नाही आणि १८ च्या आत सिमकार्ड मिळत नाही. म्हणून कार्यकर्ते आपला नंबर देतात. पुढं कार्यकर्ता काम सोडतो, नंबर बदलतो आणि पोरगं अडकतं. संस्थेचा कायमचा नंबर द्या, आणि अठरा पूर्ण होताच त्याचं स्वतःचं सिम घेऊन नंबर बदलून घ्या.

बँकेत कागद नाहीत म्हणून हाकललं तर “छोटं खातं” मागा. स्वतःची सही किंवा अंगठा असलेला फोटो देऊन, बँक अधिकाऱ्यासमोर ते उघडता येतं. शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला दहा हजारांपर्यंत काढता येतात. पुढं कागद जमले की ते नेहमीचं होतं. ज्याचे आईबाप दोघंही नाहीत, त्याच्यासाठी महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र हा फार मोलाचा कागद आहे, कारण शिक्षण आणि सरकारी नोकरीत त्यावर एक टक्का समांतर आरक्षण आहे. यासाठी अर्ज तो संस्थेत असतानाच करा. बाहेर पडल्यावर पुरावे गोळा करणं म्हणजे पाण्यात पडलेली सुई शोधणं.

पायरी सहावी: अठरावरच्यांचा निवारा

शहरी बेघरांसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात: दर एक लाख लोकवस्तीमागं शंभर माणसांची सोय असलेला कायमचा निवारा, चोवीस तास उघडा, माणशी निदान ५० चौरस फूट जागा. तुमच्या गावची लोकसंख्या घ्या, भागा आणि पालिकेत जाऊन मोजा. हिशेब कुठं जुळत नाही ते दहा मिनिटांत कळेल.

खान्देशात निवाऱ्याची आठवण डिसेंबरात होते. धुळ्यात पारा एक आकडी झाला की घोंगड्या वाटपाचे फोटो येतात. पण आमच्याकडं जीव जास्त जातो तो एप्रिल-मेच्या उन्हानं. पंचेचाळीस अंशांत दुपारी पत्र्याच्या खोलीत कोण थांबेल? म्हणून पालिकेकडे मागणी करताना घोंगडीच्या आधी ही यादी द्या: दुपारीही उघडं दार, कूलर, पाण्याचा माठ, ओआरएस, पक्कं छत.

तरुणांसाठी आणखी दोन गोष्टी. एक, कुलूप लागणारा छोटा कप्पा. कागद आणि चपला चोरीला जातात म्हणून पोरं निवाऱ्यात येत नाहीत, हे मी किमान वीस जणांकडून ऐकलं आहे. दोन, अठरा-वीसच्या पोरांना म्हाताऱ्या, आजारी, दारूत बुडालेल्या माणसांच्या रांगेत न झोपवता एक वेगळा कोपरा. नियम असा करा की लग्नातलं वाढप उरकून रात्री एकला येणाऱ्यालाही दार उघडेल. रात्री दहाला कुलूप लावणारा निवारा या पोरांच्या उपयोगाचा नाही.

मुलींसाठी जिल्ह्याच्या गावी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथं पाच दिवसांपर्यंत तात्पुरतं राहता येतं. हेल्पलाईन १८१. त्यानंतरची सोय शक्ती सदनात, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीच्या सरकारी योजनेतल्या निवासात. सहाव्या दिवशी काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

पायरी सातवी: शाळा आणि काम

सहा ते चौदाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही आणि त्याला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं. चौदा पार केलेल्यांना पुन्हा सहावीच्या बाकावर बसवू नका, लाजून पळतील. त्यांच्यासाठी मुक्त विद्यालय किंवा दहावीचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज. त्यापुढं आयटीआय.

कामाबद्दल स्पष्ट बोलू. चौदाच्या आत कुठलंच काम नाही. चौदा ते अठरा, धोक्याचं काम नाही. पण “काम सोड, शाळेत चल” म्हटल्यावर त्या संध्याकाळी तो काय खाणार, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर तो तुम्हाला टाळेल. आधी जेवणाची आणि झोपायची सोय, मग शाळा. सोळा पूर्ण झालेल्यांची ई-श्रम (असंघटित कामगारांची) नोंदणी फुकट होते. ढाबेवाल्याशी, आचाऱ्याशी भांडण काढण्याआधी मजुरीचा हिशेब वहीत लिहायला पोराला शिकवा. थकलेले पैसे वसूल करताना तीच वही पुराव्याला लागते.

पायरी आठवी: अठरावा वाढदिवस

बालगृहात वाढदिवसाला केक कापतात आणि अठराव्या वाढदिवसानंतर पिशवी हातात देतात. सगळ्यात निर्दय हस्तांतर हेच. कायद्याला ते मान्य नाही. कलम ४६ प्रमाणे संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला पुढची मदत, म्हणजे अनुरक्षण, २१ वर्षांपर्यंत मिळू शकते. अपवाद म्हणून नियमांत २३ पर्यंतही सोय आहे. मिशन वात्सल्यमध्ये यासाठी दरमहा ४,००० रुपये आहेत. बाहेर पडायच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्यानं (प्रोबेशन ऑफिसरनं) पुढची योजना समितीपुढं ठेवायची असते.

म्हणून सतरावं लागलं की वहीतल्या त्या नावाभोवती लाल गोल करा. त्या वर्षात आधार, खातं, अनाथ किंवा जातीचं प्रमाणपत्र, दहावीचा निकाल किंवा आयटीआयचा अर्ज, दातांची-डोळ्यांची तपासणी, आणि भात-भाजी रांधता येणं. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. खोली करून राहिलेली पोरं वडापाववर जगतात, आजारी पडतात, काम सुटतं. खोली देताना घरमालक “आईबाप कुठंयत?” विचारतो. तिथं जामीन म्हणून उभं राहणारं एक माणूस लागतं. गावात अशी दहा माणसं शोधा, प्रत्येकाकडे एकच पोरगं.

अठरा झाल्यावर मतदार यादीतही नाव घालून घ्या. बेघर माणसाला राहत्या जागेचा कागद द्यावा लागत नाही. नमुना ६ मध्ये झोपायची जागा लिहायची आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून जास्त रात्री तिथं येऊन खात्री करतो. यादीत नाव आलं की नगरसेवक त्या पोरांकडे वेगळ्या नजरेनं बघतो. हे मी चेष्टेत म्हणत नाही.

पायरी नववी: पाठपुरावा

नुसत्या भेटीगाठींनी काही महिने चालतं, नंतर साहेबांची बदली होते. लेखी राहा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात चार प्रश्न विचारा: गेल्या वर्षात किती मुलं समितीपुढं आली? किती प्रकरणं चार महिन्यांवर गेली? १८ पूर्ण होऊन किती बाहेर पडली आणि त्यांतल्या किती जणांना अनुरक्षणाची रक्कम मिळाली? बेघर निवाऱ्यावर किती खर्च झाला? तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मुलांची नावं मागू नका, फक्त आकडे. अधिसूचित, म्हणजे सरकारनं मुदत जाहीर केलेला दाखला त्या मुदतीत मिळाला नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करा. चुकणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि बहुतेक वेळा अपिलाचा कागद टेबलावर आला की दाखला तयार होतो.

बाल कल्याण समितीच्या कामाचा दर तिमाहीला आढावा जिल्हाधिकाऱ्यांनी घ्यायचा असतो. समितीच्या कामाबद्दलची तक्रारही त्यांच्याकडेच. आढाव्याच्या आठ दिवस आधी तुमचा एक पानाचा कागद तिथं पोचवा: सात दिवसांनी केलेल्या फोनांपैकी कितींना उत्तर मिळालं, किती पोरं परत फलाटावर दिसली. पैशासाठी जिल्हा वार्षिक योजनेकडे बघा, तीन टक्के निधी महिला व बाल विकासासाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून समुपदेशक, धडगाव-भुसावळसाठी एक गाडी किंवा निवाऱ्यातले कूलर मागता येतात. नुसतं भाषण ऐकून पालकमंत्र्यांकडून काही मिळत नाही. किंमत लिहिलेला प्रस्ताव हातात असेल तर कधी कधी मिळतं.

महिन्यातून एकदा सगळ्यांना एका टेबलाशी बसवा: आरपीएफ, पोलीस, समिती, बाल संरक्षण कक्ष, पालिका, शिक्षण विभाग, सिव्हिलचा एखादा डॉक्टर. चहा तुमचा. विषय एकच: गेल्या महिन्यातली प्रत्येक बिल्टी कुठं अडकली. पहिल्या दोन बैठका आरोप-प्रत्यारोपात जातात. तिसऱ्या बैठकीला लोक एकमेकांचे फोन नंबर घ्यायला लागतात.

आणि वहीतली नोंद बंद कधी करायची? मूल घरी पोचलं, बालगृहात ठेवलं, कामाला लागलं, यातल्या कशावरही करू नका. त्यानं स्वतःहून, वेगवेगळ्या महिन्यांत, तीनदा फोन केला तरच. माझ्या वहीत अजून बऱ्याच नोंदी उघड्या आहेत. त्यांतल्या एकानं गेल्या पोळ्याला सुरतेहून दुसऱ्यांदा फोन केला. पाऊसपाण्याचं विचारून झाल्यावर म्हणाला, “दादा, ते सतरा नंबरच्या फॉर्मची तारीख कधी लागते?”